दूध न देणारे आबा

माझी मुलगी आज अंगणवाडीत पळत जाते, ती दूध सेंटरवाल्या आबांमुळे. त्यांनी आमच्यावर केलेला उपकार एवढाच, की त्यांनी आम्हाला दूध दिलं नाही. नारायणगावपासून पारगावपर्यंत दूध विकायला बसलेली माणसं पुष्कळ सापडतील. पण दारात आलेल्या गिऱ्हाइकाला हाकलून देणारा, आणि वर आसपासच्या सगळ्या गवळ्यांकडे जाऊन ‘ह्याला तुमी बी देऊ नका’ असं सांगत फिरणारा माणूस जगात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. मी सातवीत शाळा सोडलेला. मार्केटात टोमॅटोचे क्रेट चढवतो-उतरवतो, लिहिण्याचा सराव नाही. पण आबांचं आधी सांगितल्याशिवाय मला बाकीचं सांगवत नाही.

दुसरे लोक सदऱ्याच्या आतल्या खिशात नोटा ठेवतात, आबा तिथे लॅक्टोमीटर ठेवत. काचेची वीतभर नळी, खाली शिशाचा गोळा, वर डिग्रीचे आकडे. चांगल्या दुधात सोडली की अठ्ठावीसच्या आसपास तरंगते, दुधात पाणी असलं की बुडते. ती फुटू नये म्हणून त्यांनी बांबूची एक पोकळ नळी तासून तिच्यात कापूस भरला होता, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला हा म्हातारा बासरी वाजवतो की काय असं वाटे. सेंटरवर दूध तर ते तपासतच, पण सेंटर बंद झाल्यावरही त्यांच्याने राहवत नसे. एका लग्नात पंगतीत मठ्ठा वाढला, तर आबांनी सगळ्यांदेखत पेल्यात लॅक्टोमीटर सोडला. तो सरळ तळाला जाऊन टेकला. ‘यजमानांची हीर बारमाही दिसतीय,’ एवढंच म्हणून त्यांनी पेला बाजूला सारला. त्या घराशी त्यांचं बोलणं दोन वर्षं बंद होतं, तरी त्या घरचं दूध सेंटरला येत राहिलं, कारण आबांनी सत्तावीसला सत्तावीस म्हटलं की ते सत्तावीसच असतं, हे त्या घरालाही माहीत होतं. माणसांनासुद्धा ते डिग्रीतच मोजायचे. कुणी स्थळाची चौकशी करायला आलं की म्हणायचे, ‘पोरगं दिसाया दाट हाय, पर बाविसाच्या वर जायचं न्हाई.’ आणि दिवसाला शेकडो लिटर दूध ज्यांच्या डोळ्यांखालून जाई, ते आबा स्वतः चहा घेत तो कोरा. त्यांच्याजवळ एक सायकल होती. कॅन अडकवून ते तिला हाताने धरून चालवत, तिच्यावर बसलेलं त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. विचारलं तर सांगत, दूध हिंदकळतं. कॅन रिकामा असला तरी हिंदकळतं.

मी मूळचा वर डोंगरातला, आहुप्याचा. तिथून नारायणगाव म्हणजे एक एसटी, दोन जीपा आणि सगळा दिवस. बायको बाळंत झाली आणि अकराव्या दिवशी ताप डोक्यात जाऊन गेली. याहून जास्त मला त्याबद्दल अजून लिहिता येत नाही. वर माझी आई नाही, भावजयीला तिची तीन लेकरं, आणि पावसाळ्यात रस्ता बंद झाला की दवाखाना नाही. म्हणून पोरगी मी माझ्याजवळच ठेवली. ज्यांच्या खोलीत भाड्याने राहतो त्या काकू दिवसा तिला सांभाळत. दवाखान्यातून पावडरच्या दुधाचा डबा लिहून दिला होता. डब्यावर मुंगीएवढी अक्षरं, तीही इंग्रजी. कुणाला विचारायची लाज वाटली. आमच्याकडे आईवेगळ्या पोराला गाईचं दूध देतात ते निम्मं पाणी घालून, हलकं पडावं म्हणून. लहानपणापासून तेच पाहिलं होतं. काकूही म्हणाल्या, पावडर लई जड, पातळच कर. मग मी डब्यातला एक चमचा दोन चमच्यांच्या पाण्यात कालवू लागलो. पोरगी रडायची, मी पाजायचो, ती पुन्हा रडायची. मला वाटायचं, आईसाठी रडते.

चार महिने झाले तरी ती हाताला लागत नव्हती. क्रेट उचलणाऱ्या माणसाला वजन कळतं. मार्केटातली बायामाणसं म्हणायला लागली, डब्याने का कुठं पोरं वाढतात, आता गाईचं दूध सुरू कर. म्हणून मी बरणी घेऊन आबांच्या सेंटरवर गेलो. तिथे गर्दी होती. आबांनी माप कॅनमध्ये बुडवून विचारलं, किती. मी म्हणालो, अर्धा लिटर.

‘कुणाला?’

‘पोरीला.’

‘केवडी हाय?’

‘चार महिने सरले.’

आबांनी भरलेलं माप परत कॅनमध्ये उपडं केलं. ‘आठ महिन्यानी ये.’

मागे रांगेत दूध घालायला आलेला एक शेतकरी हसून म्हणाला, ‘आबा, दूध इकाया बसलाय का राखाया?’

‘दोनी,’ आबा म्हणाले आणि त्याचा कॅन पुढे ओढला.

मला राग आला. अपमान वाटला. दुसऱ्या गवळ्याकडे गेलो, तर त्याने माझ्या तोंडाकडे पाहून विचारलं, तूच का तो डोंगराकडचा? तिसऱ्याकडे तेच. माझ्याआधी आबा सायकल हाताने ढकलत तिथे पोचले होते. पुढचे दोन दिवस चहापुरतंसुद्धा दूध मला कुणी दिलं नाही, आणि आबांसारखा कोरा चहा पिऊन मी आबांना शिव्या घातल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीवर होतो तेव्हा आबा दारात उभे. सोबत सेंटरवरचा उंच काचेचा नळा. काकूंना त्यांनी तो उकळत्या पाण्याने धुवायला लावला आणि मला म्हणाले, पाजतोस ते बनीव. मी रोजच्यासारखी बाटली बनवली. त्यांनी ती नळ्यात ओतली, खिशातून बांबू काढला, लॅक्टोमीटर सोडला. तो बुडाला तो वर आलाच नाही. काकू बघत होत्या, पोरगी तिच्या झोळीत मूठ चोखत होती. दुधात पाणी दिसलं की भल्याभल्यांचा कॅन गटारीत ओतणारे आबा. मी मान खाली घालून शब्दांची वाट बघत राहिलो. आबांनी नळा रिकामा केला, डबा काखेत मारला आणि म्हणाले, ‘सकाळी पोरीला घेऊन यायचं. दवाखान्यात.’

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने पोरीला काट्यात ठेवलं आणि काटा बघून माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं. हलकं पडावं म्हणून, म्हणालो. सिस्टर चिडली. मग डबा हातात घेऊन तिने मला एकेक ओळ वाचून दाखवली: उकळून कोमट केलेलं पाणी आधी, मग सपाट चमचा, लिहिलंय तेवढाच, कमी नाही न् जास्त नाही. अजून वेळ गेलेली नाही, ती म्हणाली, पण दर आठवड्याला वजन करायचं. गाईच्या दुधाचं मी विचारलं, तर म्हणाली, वर्ष भरेपर्यंत मुळीच नाही. लहान पोटाला ते झेपत नाही, मूत्रपिंडावर ताण येतो, त्यात लोह नसतं, रक्त कमी होतं. ‘रक्त कमी होतं’ म्हटल्यावर आबा बाहेर जाऊन सायकलजवळ उभे राहिले.

परत येताना पोरगी माझ्या खांद्यावर, आबा सायकलच्या पलीकडे. मी म्हणालो, आबा, तुम्हाला हे आधीच माहीत होतं. ते सायकलकडे बघूनच बोलले.

‘लेक बाळंतपणाला आली व्हती. अंगावर दूध उतरलं न्हाई. डॉक्टरनी डबा सांगितला. मी म्हनलो, गोठ्यात गाय आसताना माझी नात डबा पिणार? पाजलं. निव्वळ. एक थेंब पाणी न्हाई. नात पांढरी पडली, भिताडावानी. पुण्याला निऊन रक्त चढवलं. वाचली ती. पर लेक जी गेली ती पुन्यांदा माज्या दारी आली न्हाई. अकरा वर्सं झाली.’

इतकी वर्षं हा माणूस लोकांच्या दुधात पाणी शोधत होता. त्याच्या स्वतःच्या दुधात पाणी नव्हतंच.

त्या दिवसापासून सेंटरच्या फळ्यावर, फॅट आणि भाव लिहितात त्याच्याखाली, कोपऱ्यात एक ओळ आली: ‘बायडी’, हे माझ्या पोरीचं नाव, आणि पुढे खडूच्या रेघा. पहिल्या चार एकदमच, मग तिचा एकेक महिना भरला की एक रेघ. रोज संध्याकाळी सेंटर बंद करून आबा खोलीवर येत आणि मी चमचा सपाट केला की नाही ते बघत. पुढे मलाच सुरीच्या पाठीने चमचा सपाट करायची सवय लागली, तरी ते येतच. मी लॅक्टोमीटर वाचायला शिकलो तो तेव्हा. पोरीला सहा महिने भरल्यावर सिस्टरने वरचं खाणं सांगितलं, तर आबांनी हुकूम सोडला की नाचणी इथली चालायची नाही, वरून आहुप्याहून आण. मी दोन दिवसांची रजा टाकून आणली. त्या निमित्ताने बायकोला जिथे माती दिली तिथे जाऊन आलो, खूप दिवसांनी. नाचणीची पेज, वरण, पालेभाजीचं पाणी. रडणं कमी झालं. ती आईसाठी रडत नव्हती, भुकेनं रडत होती, हे मला फार उशिरा कळलं. अजूनही टोमॅटोची गाडी भरताना ते आठवलं की हात थांबतो.

अकरा रेघा झाल्यावर मी एकदा धीर करून म्हणालो, आबा, आठच दिवस राहिलेत, आजपासून थोडं देऊ का. आबा म्हणाले, ‘मार्केटात आठ क्रेट कमी दिऊन गाडी भरली म्हनतोस का?’

बाराव्या रेघेच्या सकाळी ते कॅन घेऊन आले. त्यांच्या स्वतःच्या गाईचं दूध. एव्हाना त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. नळ्यात दूध ओतलं, लॅक्टोमीटर सोडला आणि नळा माझ्यापुढे धरला.

‘किती?’

‘अठ्ठावीस.’

‘खरं सांग.’

‘अठ्ठावीस, आबा.’

मग काकूंनी ते चांगलं उकळलं, कोमट केलं. बाटली नाही, वाटीने, सिस्टरने सांगितलं होतं तसं. आज थोडं, उद्या थोडं जास्त, डबा हळूहळू बंद, आणि पुढेही दिवसाला दोन वाट्यांच्या वर नाही, नाहीतर भाकरी खायची नाही. पोरीने पहिला घोट आबांच्या सदऱ्यावर थुंकला. आबा हसले, तोंडात दात दोनच. दुसरा घोट तिने गिळला आणि वाटीला दोन्ही हातांनी धरलं. काकूंनी आनंदाने त्याच दुधाचा चहा टाकला आणि आबांपुढे कप केला. आबांनी कप हातात घेतला, वास घेतला आणि परत ठेवला. ‘मला न्हाई. आजून न्हाई.’

आता पोरगी तीन वर्षांची आहे. सेंटरवर नवं मशीन आलंय, आबांचा पुतण्या बसतो. आबा बाहेर बाकावर असतात, खिशात बांबू तसाच, पण त्यांना आता माणसं आवाजावरून ओळखावी लागतात. बायडी जवळ गेली की तिचा दंड चाचपून विचारतात, ‘किती डिग्री गं?’ ती म्हणते, अठ्ठावीस. तिला आकडे तेवढेच येतात.

त्यांची लेक कल्याणला असते. काकूंनी पत्ता मिळवून दिला. टोमॅटोच्या गाडीबरोबर मी महिन्यातून एकदा तिकडे जातो. दोनदा तिच्या इमारतीखाली जाऊन उभा राहिलो. एकदा वरच्या गॅलरीत तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी कपडे वाळत घालताना दिसली, चांगली धडधाकट. जिना चढायचा धीर झाला नाही. मी कोण, काय म्हणून सांगणार. पण एक दिवस बायडीला कडेवर घेऊन मी तो जिना चढणार आहे. दार उघडेल तिला म्हणणार आहे की ताई, हिला बघा, हिला तुमच्या वडिलांनी वर्षभर दूध दिलं नाही. मग ताईंना घेऊन येईन. सेंटरसमोरच्या बाकावर आबांच्या हातात दुधाचा चहा देईन, आणि तो त्यांनी संपवेपर्यंत तिथून हलणार नाही.