मॅडमचा वर गेलेला हात

अन्याय झाला तो येरवड्याच्या अकरा वर्षांच्या एका मुलीवर. गेल्या डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, जिल्हा जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत, बीमसमोर, म्हणजे तोल सांभाळायच्या उंच पट्टीसमोर. वेळ पक्की आहे. बीमच्या गुणांचे कागद पंचांच्या टेबलावरून कॉम्प्युटरपर्यंत मीच नेत होते आणि त्यावर वेळही मीच टाकत होते.

जिम्नॅस्टिक्समध्ये परवानगीशिवाय काही सुरू होत नाही. मुलगी दोन्ही हात वर करून पंचांना सलामी देते, मुख्य पंच एक हात वर करून खूण करतात, मग ती बीमवर चढते. खुणेआधी चढली तर शून्य. नियमाशी माझं भांडण नाही. मी त्यातच वाढले, आणि याच मुख्य पंच मॅडमच्या हाताखाली. स्पर्धा भरवणारा क्लबही त्यांचाच.

छापील कार्यक्रमात मॅडमचा सत्कार बारा वाजता होता, जेवणाच्या सुट्टीत. पाहुणे लवकर आले. पुण्यात पाहुणे लवकर आले, तिथेच मला खटकायला हवं होतं. शाल, श्रीफळ, गुच्छ असं सगळं लटांबर थेट पंचांच्या टेबलाशी आलं, आणि नेमकी तेव्हाच ही मुलगी हात वर करून उभी होती. मॅडमचा हात वर गेला. मुलगी चढली. दहा सेंटिमीटरच्या पट्टीवर एकदाही डगमगली नाही.

मॅडमनी कागदावर शून्य लिहिलं. मी वाचलं, आणि तरीही तो नेऊन दिला.

मुलीचे वडील स्वारगेट डेपोत मेकॅनिक आहेत. ते लेखी हरकत घेऊन आले.

"मॅडम, आपण हात वर केलात म्हणून ती चढली."

"अहो, मी फोटोवाल्याला बोलावत होते. कुणाचा हात दिसला की चढायचं, ही काय बस आहे का?"

टेबलावरचे सगळे हसले.

"बसला घंटा असते, मॅडम. डबल वाजल्याशिवाय आम्ही गाडी हलवत नाही."

"पुरावा आणा," मॅडम म्हणाल्या. मी मध्ये बोलायला गेले तर माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तुझा कागद पोचला ना? मग झालं तर."

राज्य स्पर्धेच्या संघात चौघीच जातात. चौथी जागा मॅडमच्या क्लबच्या मुलीला मिळाली. तिचा काही दोष नाही, ती चांगलीच खेळली. पण येरवड्याच्या मुलीला बीमवर शून्याऐवजी साधारण गुण मिळाले असते, तरी ती जागा तिची होती.

हे ठरवून केलं, असं मी म्हणत नाही. मला ते माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की स्पर्धेचे फोटो क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आले. पाहुणे आहेत. समई तीन बाजूंनी आहे. जेवणाच्या रांगेतली जिलेबीसुद्धा आहे. फक्त मॅडमच्या सत्काराचा फोटो नाही. ज्या फोटोवाल्याला बोलावण्यासाठी हात वर गेला, त्यानं तेवढा एकच फोटो काढला नाही? की काढला आणि कुणीतरी काढून टाकला? ग्रुपवर विचारलं, तर उत्तरादाखल हात जोडलेली तीन चित्रं आली आणि पाच मिनिटांत मला ग्रुपबाहेर काढलं.

संघ पुढच्या महिन्यात निघतो. मुलगी अजून रोज सरावाला जाते, तिचे वडील सांगतात. सलामी देते, आणि खूण मिळाली तरी उभीच राहते. दोनदा विचारते, "चढू?"

गॅलरीत बसलेल्या पालकांनो, हे तुमच्यासाठी लिहिलंय. तुम्ही सगळे मोबाइल धरून होतात. बीमचं शूटिंग करताना मागे पंचांचं टेबल येतंच. आपल्या मुलीलाही उद्या याच मॅडमसमोर उभं राहायचंय म्हणून गप्प बसला असाल, तर उद्या तिच्या वेळी कुणाचा हात वर जाईल याचाही विचार करा. अकरा-वीसची क्लिप आजच शोधा. मुलीकडे नाही, टेबलाकडे बघा. आणि ती क्लिप त्या वडिलांच्या हातात नेऊन द्या.