पाव टाकी

"हात नका लावू!"

मिस्त्रींच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य हेच. बॉनेट तुम्ही उघडलेलं असो, गाडी तुमच्या नावावर असो, देगलूर नाक्याजवळच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरली की ती त्यांची. नुसतं बोट दाखवायला गेलात तरी हातातला पाना वर यायचा. असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. अशांच्या हाताला गुण असतो म्हणतात. असेल. मला तो माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि आता तो नाही म्हणून मी गोड करून सांगणार नाही.

माझी गाडी जुनी, कार्बुरेटरची. थंडीत चोक ओढून ओढून हात दुखायचा, तरी सुरू व्हायची नाही. आणि आईचं डायलिसिस नांदेडला, सोमवारी अन् गुरुवारी सकाळी सातला. अर्धापूरहून नांदेड काही लांब नाही, पण पोचायला उशीर झाला की मशीन दुसऱ्या पेशंटला जायचं. एकदा तसं गेलं. दोन दिवसांत आईच्या पायांना अशी सूज आली की चप्पल चढेना. तेव्हाच ठरवलं, हा कार्बुरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवायचं.

बाकीचं सामान भंगारात मिळालं. प्रश्न उरला इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा. तो टाकीच्या आत बसतो, आणि जुन्या टाकीत त्याला जागाच नसते. टाकी कापावी लागते. हे काम करणारा एकच माणूस आहे, असं ज्याने त्याने सांगितलं.

मिस्त्रींनी टाकी उतरवली, तिच्यात काठोकाठ पाणी भरलं आणि दोन दिवस तशीच ठेवून दिली.

"पेट्रोल तर काढलंय, आता कापा की," मी म्हणालो.

"पेट्रोल काढलं. वास कोण काढणार? तुम्ही?"

शेडमधली चार गिऱ्हाइकं हसली. मी शिक्षक आहे. लोक मला हसतात ते पाठीमागे, तोंडावर कुणी हसलेलं ऐकून घ्यायची मला सवय नाही.

पंप बसला. गाडी सकाळी एका किल्लीत सुरू व्हायला लागली. गाडी देताना मिस्त्रींनी बजावलं होतं, "हा पंप पेट्रोलात बुडून ऱ्हायला तरच जगतो, सर. पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. पाव टाकीच्या खाली काटा जाऊ द्यायचा न्हाई. बिलकुल न्हाई."

आता आमच्या घरी टाकी भरून गाडी चालवलेली मी कधी पाहिली नाही. काटा लाल रेघेला टेकल्याशिवाय पेट्रोलला वळायचंच नाही, हे वडिलांपासून चालत आलेलं. दोन महिन्यांत पंप जळाला. गुरुवारी सकाळी, भर रस्त्यात, आई मागच्या सीटवर. एका ऑटोवाल्याने तिला उचलून आत बसवलं म्हणून मशीन मिळालं.

गाडी ओढत शेडवर आणली तेव्हा मिस्त्री जेवत होते. मांडीशी दोन कप्प्यांचा स्टीलचा डबा.

"असलं काम करता? माझी आई गेली असती!"

ते उठले. टाकीत काडी घातली आणि कोरडी काडी माझ्या नाकासमोर धरली. "हिच्यात पेट्रोल कुठं हाय? पोरांना काय शिकवून राहिले तुम्ही? एक गोष्ट सांगितली, ती पाळता येईना. माय तुमची, आन् अक्कल मी लावू?"

मग मीही नाही नाही ते बोललो. "भाकर खायला वेळ आहे तुम्हाला, कामात लक्ष नाही," असंही बोललो. ते डबा उचलून आत गेले.

नव्या पंपासाठी त्यांनी गाडी चार दिवस ठेवून घेतली. आणायला गेलो तर मिस्त्री वर्तमानपत्रावर भाकर ठेवून खात होते. बायकोनं डबा बंद केला वाटतं, असं मनात आलं आणि बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

"पाव टाकी," ते मान वर न करता म्हणाले.

"बघू," मी म्हणालो. तेच आमचं शेवटचं बोलणं.

पुढे दोन वर्षं मी मुद्दाम काटा लाल रेघेवर ठेवून गाडी चालवली. पंपाला काही झालं नाही. "पाव टाकी म्हणे! नुसता थापाड्या," असं स्टाफरूममध्ये हसत हसत सांगायचो.

दिवाळीनंतर मिस्त्री छातीत कळ येऊन गेले. मी मातीला गेलो नाही. शाळा होती म्हणून सांगितलं. सुट्टी होती.

मागच्या गुरुवारी आईला मशीनवर सोडून आलो आणि गाडी झटके द्यायला लागली. जवळच्या दुसऱ्या गॅरेजवाल्याने टाकीतून पंप वर ओढला, तर त्याच्याबरोबर एक स्टीलचा डबा वर आला. पंप त्या डब्यातच उभा होता. डब्याच्या तळाला पेट्रोल आत यायला बारीक भोक, आणि इंजिनाकडून परत येणाऱ्या पेट्रोलची नळी वरून त्यातच सोडलेली.

"कुणी केलं हो हे? लई डोकं लावलंय," तो म्हणाला. "टाकी कोरडी पडायला आली तरी डबा भरलेला ऱ्हातो. काटा कुठंबी असू द्या, पंप बुडालेलाच."

डब्याच्या अंगावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं, 'लग्नात मामाकडून.' मला वर्तमानपत्रावरची भाकर आठवली. त्यांनी सांगितलेलं मी ऐकणार नाही, हे त्या माणसाला तेव्हाच कळलं होतं. आणि आईला मशीनवर पोचायचं असतं, हेही.

"पंपाची जाळी घाण झालीय, तेवढी बदलतो. आन् हा डबा टाकू का काढून? आता प्लॅस्टिकचा तयार मिळतो." त्याने पकड उचलली.

"हात नका लावू!" मी ओरडलो.

त्याने पकड खाली ठेवली. मग जाळी बदलून त्याने पंप होता तसा आत बसवला.

आईला आणायची वेळ झाली होती. वाटेत थांबून मी जन्मात पहिल्यांदा टाकी फुल केली. आत डबा बुडाला असेल.