पहिल्या भागातली सर्व्हिस

कुठलीही नवी वस्तू हातात आली की काका आधी ती अंगठा आणि बोटांमध्ये चोळून बघायचे. सारा जन्म गिरणीत कापडाजवळ गेला, तिथली सवय. माझ्या दुकानातल्या गेमची सीडीसुद्धा त्यांनी तशीच चोळली आणि म्हणाले, "ताई, यात काहीतरी गडबड आहे हां."

राजेंद्र नगरात माझं टायपिंगचं दुकान होतं. दोन कॉम्प्युटर घेतले, तर टायपिंगपेक्षा गेमलाच गिऱ्हाईक जास्त. गिरणी बंद पडली आणि विणकाम खात्यातले हे जॉबरकाका दुपारी फुकट पेपर वाचायला येऊन बसू लागले. जॉबर म्हणजे मागावरच्या लोकांचा मुकादम. आता ना माग, ना लोक. मग संशय घ्यायला काहीतरी हवंच की! साबणासोबत चमचा फुकट मिळाला, गडबड. नवं परदेशी कोल्ड्रिंक आलं, गडबड. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. गिरणी पुन्हा सुरू होणार, असं कोणी म्हटलं तर मात्र त्यात त्यांना गडबड दिसायची नाही.

गेम एका तलवारवाल्याचा होता. फाटक्या कपड्यांत गावातून निघायचं, राक्षस मारायचे, तसतशी त्याची ताकद वाढत जाते, चिलखत मिळतं. एक दिवस काका स्वतःच माउस धरून बसले. वाटेत खजिन्याच्या पेट्या असायच्या. बाकीचे त्यांवर तुटून पडायचे, हे एकही उघडत नसत. "रस्त्यात फुकट कोण ठेवतं, बताओ?" मी कपाळावर हात मारून घ्यायची. तरीही कित्येक महिने खेळून त्यांनी तलवारवाल्याला पार शेवटपर्यंत नेलं. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पोहे-जलेबी खिलवली.

मग त्या गेमचा दुसरा भाग आला. मी हौसेनं लावून दिला. पडद्यावर तोच माणूस, पण पुन्हा फाटके कपडे आणि हातात नुसती काठी.

"याची पहिल्या भागातली सर्व्हिस कुठे गेली?"

म्हटलं, काका, दुसरा भाग असाच असतो, पुन्हा पहिल्यापासून.

"मग दुसरा भाग खेळायचाच कशाला?" म्हणाले आणि उठून गेले.

खरं काय ते काकूंनी येऊन सांगितलं. पीथमपूरला एका नव्या कापडगिरणीत त्यांना काम मिळत होतं, पण शिकाऊ म्हणून. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि हे हो म्हणेनात. घर आता चालत नाही, तुम्ही समजवा ना जी, असं काकू म्हणाल्या. मी तशी तोंडाळ, पण ज्यानं इतक्या जणांना माग शिकवला, त्याला शिकाऊ हो म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? मला फार वाईट वाटलं.

शनिवारी ते आपणहून आले, दुसरा भाग लावा म्हणाले. मी टायपिंगला बसले. पहिल्या भागातलं पहिलं जंगल ओलांडायला त्यांना आठवडे लागले होते. या वेळी चहा येईपर्यंत ते पलीकडे.

"याला काही येत नाही, ताई," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "पण मला येतं ना."

सोमवारी त्यांची खुर्ची रिकामी होती, पेपर घडी न मोडता पडला होता. मला बरंही वाटलं आणि करमेनाही. दुपारी मी त्यांचा अर्धवट ठेवलेला खेळ उघडला. जंगलाच्या पलीकडे तलवारवाला काठी घेऊन उभा होता. शेजारी खजिन्याची पेटी होती.

पेटी उघडलेली होती.