शंभर फुटांची रीळ

शहाद्याच्या एसटी स्टँडवर धडगावच्या जीपची वाट पाहत होतो. शेजारच्या साठीतल्या गृहस्थांचे दोन्ही हात काळ्या पिशवीच्या बाह्यांत होते. आत अंधारात, केवळ बोटांनी चाचपून, ते कृष्णधवल फिल्मची शंभर फुटांची रीळ कापून छोटे रोल भरत होते. अशी घेतली की रोल निम्म्या किमतीत पडतो, म्हणाले.

एक रोल भरला, मोठी रीळ डब्यात बंद केली आणि गळ्यातला कॅमेरा उचलून त्यांनी समोरच्या केळीवालीचा फोटो काढला.

"मन्हा कसाले काढस, बाबा? मी काय नवरी शे का?"

"नवरीना तर कोणी बी काढस."

का कोण जाणे, मी त्यांना सांगून टाकलं. माझ्याकडे एक महागडा परदेशी रोल होता. आई दारात शेंगा सोलताना म्हणाली होती, "मन्हा एक फोटू काढ ना." रोल वाया जाईल म्हणून मी दिवाळीवर ढकललं. दिवाळीआधीच ती गेली. रोल कपाटात तसाच आहे.

त्यांनी सांत्वन केलं नाही. "महाग रोल मानूसले चिंगूस करस, भाऊ. मी बी तसाच व्हतू." मग विचारलं, "घरमा आते कोण शे?"

"वडील."

ताजा भरलेला रोल त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "आठ दिनमा संपाडी टाक."

धडगावचं काम टाकून मी घरी परतलो. वडील बनियनवर दाढी करत होते.

"थांब, सदरा घालू दे," ते म्हणाले. तोवर मी दोन काढले होते.