अर्धं वाक्य

रविवारी सकाळी मामा गेला. बदलापुरात, शिरगावच्या घरी, पोहे खाताना, बोलता बोलता. समोर मुलगा, सून आणि नात बसली होती. त्यांना ते नंतर कळलं.

वाक्य मध्येच सोडण्यात माझ्या मामाचा हात धरणारा माणूस अख्ख्या बदलापुरात सापडला नसता. विसरभोळेपणा म्हणाल तर तो त्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नव्हता. त्याच्या गावाकडे गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यानं 'हं' द्यायची पद्धत होती. 'हं' आला की गोष्ट पुढं सरकायची, 'हं' थांबला की पोर झोपलं असं समजून सांगणारा गप्प व्हायचा. अंबरनाथच्या कारखान्यात उभी हयात यंत्रांच्या खडखडाटात घालवूनही मामानं हा नियम सोडला नाही. मग घरोघरी फोन आले आणि नियमाचा कणाच मोडला. "आता हं येतो गं," तो मला म्हणायचा, "पण हंच्या मागं माणूस नसतो." म्हणून त्यानं नियम कडक केला. ऐकणाऱ्याची नजर फोनकडे वळली की मामा असेल त्या शब्दावर थांबायचा. रागावणं नाही, खाकरणं नाही. हात हवेत, तोंड किंचित उघडं, डोळे समोरच्यावर, जणू कुणी त्याचा फोटो काढतंय. मान वर आली की पुढच्या शब्दापासून सुरू. कधी लगेच, कधी पुढच्या आठवड्यात.

एकदा मी त्याच्याबरोबर शेअर रिक्षानं उल्हासनगरच्या कॅम्प तीनला चालले होते. शेजारी नव्या कोऱ्या जीन्समधला एक तरुण, मान फोनमध्ये. मामा त्याला म्हणाला, "बेटा, सीट का पत्रा बाहर आया है, उतरते टाइम पँट..." आणि थांबला. मुलाची नजर वर आलीच नव्हती. मी बोलायला तोंड उघडलं, तर मामानं माझा हात दाबला. उतरताना टर्रकन आवाज झाला. "अंकल, बोलना था ना!" मुलगा ओरडला. "बोलतच होतो की! तूच कुठं गेलेलास?" मामा म्हणाला, आणि खिशातली सेफ्टी पिन काढून दिली. ती तो कायम जवळ बाळगायचा.

चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत तर कहरच केला. ताशा तापला होता, गल्लीतली सगळी पोरं हात वर करून उभी, प्रत्येकाच्या हातात फोन. नाचतंय कुणीच नाही. सगळे नाच टिपायला आलेले. मामा मध्ये घुसला आणि ओरडला, "सगळेच शूटिंगवाले, मग नाचायचं कुणी, तुमच्या आज्यानं?" आणि आज्याच्याच वयाचा तो माणूस निळा फेटा सावरत नाक्यापर्यंत एकटा नाचला. दुसऱ्या दिवशी गुडघ्यांना तेल लावत मला म्हणतो कसा, "माझे गुडघे गेले बघ, पण त्यांच्या तर मानाच गेल्यात."

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, प्रज्ञा नसती तर. प्रज्ञा ही त्याची नात, माझ्या मामेभावाची मुलगी. लहानपणी त्याच्या गोष्टींना तिच्याइतका खणखणीत 'हं' कुणीच दिला नाही. सूर्य मावळला तरी "मग, आबा?" संपायचं नाही. ती मुलगी कुठं गेली? तिला कुणी पळवून नेलं नाही. आम्हीच दिली. घास भरवताना पोर रडू नये म्हणून तिच्या आईबापांनी फोन हातात ठेवला, आणि आल्यागेल्यांनी कौतुक केलं की बघा, एवढीशी आहे पण सगळं कळतं हिला! आज ती कॉलेजात आहे. पानभर मजकूर वाचताना तिचा जीव गुदमरतो, झोप नाही, कुणी दोन वाक्यं बोललं की कपाळाला आठी. मी ग्रंथालयात काम करते. अशा प्रज्ञा रोज पाहते. पुस्तक उघडतात, त्यात फोन ठेवतात. लोक मला शांत बाई म्हणतात. मी शांत नाही. ज्यांनी ही मुलं चोवीस तास अडकून राहावीत म्हणून डोकं लावून यंत्रं बनवली त्यांचा, आणि ज्यांनी स्वस्तातली शांतता म्हणून ती घरात आणली त्यांचाही मला संताप येतो. मामाला एवढंच हवं होतं की प्रज्ञानं एकदा मान वर करून त्याचं एक बोलणं शेवटपर्यंत ऐकावं.

त्या रविवारी तो म्हणाला, "अगं प्रज्ञा, काल कॅम्प तीनला आपला साईं भेटला. म्हणाला, की..." आणि थांबला.

"दोन मिनिटं, आबा, हे संपू दे," प्रज्ञा म्हणाली.

"बोला बाबा, ऐकतोय," मुलगा मान खाली घालूनच म्हणाला.

मामा थांबलेलाच राहिला. नेहमीसारखा थांबलाय, असं तिघांनाही वाटलं. चहावर साय धरली. सून बशी उचलायला उठली, तेव्हा कळलं.

डॉक्टर म्हणाले, आधी कळूनही उपयोग नव्हता. उपयोगाचं विचारतंय कोण? माणूस जात असताना कुणाचे तरी डोळे त्याच्यावर असायला हवे होते.

मामाच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर प्रज्ञा माझ्याकडे आली. "आत्या, साईं काय म्हणाला असेल गं?" आम्ही दोघी कॅम्प तीनला गेलो. साईं म्हणजे मामाचा जुना सिंधी दोस्त, जीन्सचा दुकानदार. बातमी ऐकून त्यानं समोरच्या गिऱ्हाइकाला परत पाठवलं. मग बराच वेळ आठवत राहिला.

"आया था, बेटी. इधरच बैठा था. मैंने कुछ बोला होगा..." त्यानं गल्ल्यावरच्या फोनकडे पाहिलं. "झूठ नहीं बोलूँगा. मैं इसमें देख रहा था. याद नहीं."

परतताना रिक्षात प्रज्ञानं फोन काढला, ठेवला, पुन्हा काढला. मी तिला मामाची रिक्षातली ती सेफ्टी पिनची हकीकत सांगू लागले. "हं," ती म्हणाली. मी बघितलं, तिची नजर खाली होती. मी थांबले. बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली.

"मग, आत्या?"

मी पुढं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

मामाचं वाक्य 'म्हणाला, की' इथपर्यंत आहे. पुढचं कुणालाच माहीत नाही.