सुकेळ्यांची राखण

सूड म्हटलं की लोकांना कोयते आठवतात. मी माझ्या नणंदेवर सूड उगवला तो केळ्यांच्या मदतीनं, आणि अजूनही ती आठवण निघाली की मला दोन घास जास्त जातात.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आमची वाडी आगाशीकडे. दिवाळी उलटली की घरात सुकेळ्यांची गडबड सुरू व्हायची. पिकलेली राजेळी केळी सोलायची, अंगणातल्या माचीवर उन्हात मांडायची, संध्याकाळी गोळा करून केळीच्या सुक्या पानांत गुंडाळायची, सकाळी पुन्हा उन्हात. चार-पाच दिवसांनी त्यांना मधासारखा रंग चढतो आणि असा वास सुटतो की रस्त्यानं जाणारा माणूस सायकलवरून उतरून उगाच वेळ विचारतो.

नेमक्या त्या दिवसांत माझी थोरली नणंद दादरहून माहेरी यायची. सुकेळी न्यायला यायची, पण आव असा, जणू आम्हाला शिस्त लावायला आली आहे. तिची स्वतःची मुलं आता कॉलेजात होती, त्यामुळे लहान मूल कसं असतं हे ती पार विसरली होती. उरलं होतं ते फक्त मत.

त्या वर्षी माझा मुलगा साडेतीन वर्षांचा होता. एका सकाळी मी विहिरीवर धुणं धूत असताना तिनं त्याला माचीजवळ पाटावर बसवलं, हातात काठी दिली. कावळे हाकलायचे, आणि एकाही सुकेळ्याला हात लावायचा नाही. न्याहारी? राखण झाल्यावर.

मी पिळे घेऊन परतले तर पोरगा अंगणाच्या मधोमध कान धरून उभा, हनुवटीला चिकट ओघळ. गुंडाळायची पानं घेऊन आलेल्या शेजारच्या बायका बघत होत्या.

"चोर आहे तुझा मुलगा," नणंद म्हणाली. "सांग रे, कोण आहेस तू?"

"चोल," तो म्हणाला. त्याला र म्हणता येत नव्हता. त्याला अजून चड्डीचं बटण लावता येत नव्हतं. आणि त्यानं मोह आवरावा, अशी हिची अपेक्षा.

"ताई, तो साडेतीन वर्षांचा आहे."

"तिसऱ्या वर्षी मी एकटीनं राखण केली आहे अख्ख्या माचीची. एकाला बोट लावलं नाही. विचार आईला."

सासूबाई पानं निवडत होत्या. त्यांनी पुढचं पान उचललं. आमचे हे तर बहिणीसमोर तोंड उघडायचे ते फक्त जेवायला.

ते मी गिळलं असतं. पण त्या दुपारी पोरगा ताटावर बसेना. हातातली पोळी मागे लपवून विचारू लागला, "आई, ही घेतली तल चालेल?" स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटातली पोळी. तेव्हाच मी ठरवलं की हा शब्द जिनं लावला, तिच्याच तोंडून काढून घ्यायचा. आणि तोही त्याच बायकांसमोर.

दुसऱ्या दिवशी मी आवाजात साखर घातली. "ताई, आईंना घेऊन विरारच्या बाजारात जायचंय. माचीवर कुणाला बसवू? लहान मुलाचं काम नाही हे, तुम्हीच दाखवून दिलंत. अनुभवी माणूस हवं."

ती खूश झाली. मी तिला तोच पाट दिला, तीच काठी दिली. सगळ्यांत चांगली मुरलेली रांग उचलून तिच्या हाताशी मांडली. न्याहारीचं नाव काढलं नाही. मग सासूबाई आणि पोराला घेऊन मी बाजारात गेले आणि जन्मात कधी केली नव्हती एवढी घासाघीस करत बसले. सासूबाई म्हणाल्या, "चल की आता." म्हटलं, "आई, अजून कोथिंबीर बघू." कोथिंबीर परसात होती.

परतलो तेव्हा ऊन कलत होतं, बायका जमल्या होत्या. नणंद पाटावर ताठ बसली होती. ओठ स्वच्छ पुसलेले. हाताशी मांडलेल्या रांगेला मात्र मोठं खिंडार पडलं होतं.

"कावळे फार झालेत," ती म्हणाली.

तेवढ्यात मला मुंग्या दिसल्या. आमच्या माचीचे पाय पाण्याच्या करवंट्यांत असायचे, त्यामुळे वर मुंगी चढत नसे. पण बाईसाहेबांनी दोन सुकेळी दुपारनंतरची सोय म्हणून पदराच्या गाठीत बांधली होती, आणि पदर लोळत होता जमिनीवर. लाल मुंग्यांची रांग गाठीपर्यंत पोचून आता खांद्याकडे निघाली होती.

"ताई, पदर," मी अगदी काळजीनं म्हटलं.

ती उठली, पदर झटकला, गाठ सुटली. एक सुकेळं सासूबाईंच्या पायाशी येऊन पडलं. त्यांनी ते उचललं, फुंकलं आणि म्हणाल्या, "बाय, तिसऱ्या वर्षी तुला मी माचीच्या आसपास फिरकू देत नव्हते. आधी खायचीस, मग रात्रभर पोट धरून रडायचीस."

बायकांनी पदर तोंडाला लावले. नणंद पुटपुटली, "वासच असा येतो, माणसाला राहवतच नाही."

"हेच तो काल सांगत होता, ताई. त्याला एवढे शब्द येत नाहीत."

पोरगा पुढे झाला आणि शांतपणे विचारता झाला, "आत्या पण चोल?"

चांगली आई असते तर मी त्याला गप्प केलं असतं. मी गुंडाळायला एक पान घेतलं आणि नणंदेकडे बघत राहिले. सगळ्याच बघत राहिल्या.

"नाही रे," ती अखेर म्हणाली. "सुकेळं खाल्लं म्हणून कुणी चोर होतं का? तूही नाहीस."

"जरा मोठ्यानं, ताई," मी म्हटलं. "पलीकडच्या काकूंना कमी ऐकू येतं."

तिनं ते मोठ्यानं म्हटलं. पोरानं तोवर सासूबाईंच्या हातातलं सुकेळं घेऊन, कुणालाही न विचारता, अर्धं संपवलं होतं.