परतीची सोय नसलेली पाणबुडी

आज धुळ्याहून मला बघायला एक मुलगा आई आणि वहिनीसोबत पिंप्राळ्याला आमच्या घरी आला. माझं नावही न विचारता तो दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी पाणबुड्यांवर सुरू झाला.

'कैतेन' म्हणजे म्हणे माणूस बसवलेला टॉर्पेडोच. पुढे दीड टन स्फोटकं, मागे एकटा पोरगा. "परत यायची सोयच नव्हती!" पोहे चघळत तो कौतुकाने म्हणाला.

त्याची आई हसली. "आमना घरमा बी तसंच शे. सून एकदा उनी का माहेरनं नाव काढत नही. मोठी तं सख्खा भाऊना लगीनले बी गई नही."

शेजारी मोठी सून खाली मान घालून बसली होती.

ते गेल्यावर बाबा म्हणाले, "असं स्थळ परत येणार नाही."

मंडळी, तुम्हीच सांगा माझ्या बाबांना. तिथे गेले, तर मीही परत येणार नाही.